एस्प्रेसो मशीनमध्ये पुन्हा पुन्हा क्षार साचतात? आधी पाणी तपासा

लक्षणे

घरच्या एस्प्रेसो मशीनबाबत माझ्याकडे सर्वाधिक वेळा येणारी तक्रार एकाच साच्याची असते. मशीन नवीन असताना कॉफी उत्तम येत होती. काही महिन्यांनी धार बारीक झाली आणि वाफेचा जोर कमी झाला. डिस्केलिंगची पुडी वापरल्यावर सारे सुरळीत झाले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच सुरू झाले. मित्रमंडळींची आणि ओळखीतून आलेल्यांची अशी मशीन मी पुण्यात गेली काही वर्षे उघडत आलो आहे. त्यांतील बहुतेकांचे पंप, वॉल्व्ह आणि हीटर मुळात चांगले होते. बिघाड टाकीत भरल्या जाणाऱ्या पाण्यातून आत येत होता. डिस्केलिंगने साचलेले क्षार निघतात, परंतु क्षार येण्याचे कारण तसेच राहते.

कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्याची लक्षणे ओळखायला सोपी आहेत. ग्रुपमधून, म्हणजे कॉफीवर गरम पाणी सोडणाऱ्या तोंडातून, पाणी एका बाजूने किंवा तुटक पडते, पंपाचा आवाज जड होतो, मशीन तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, वाफेच्या नळीच्या टोकाची छिद्रे बुजतात आणि ड्रिप ट्रेमध्ये पांढरे कण दिसू लागतात. शॉट (एका वेळची कॉफी) संपल्यानंतरही ग्रुपमधून थेंब गळत राहिले, तर क्षाराची एखादी कपची सोलेनॉइड वॉल्व्हच्या (विजेवर उघडमीट होणाऱ्या झडपेच्या) बैठकीत अडकली असण्याची शक्यता मोठी असते.

दुसऱ्या प्रकारची लक्षणे नेमकी उलट पाण्यामुळे येतात आणि म्हणूनच लोक गोंधळतात. क्षारांना कंटाळून घरातल्या आरओचे पाणी वापरायला सुरुवात केली की टाकी भरलेली असतानाही पाणी संपल्याचा दिवा लागतो, किंवा स्वतः पाणी भरून घेणारा बॉयलर भरतच राहतो आणि वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणी येते. कॉफी पातळ आणि बोचरी आंबट लागते. दळण कितीही बदलले तरी ती सुधारत नाही. पितळी किंवा तांब्याच्या भागांवर हिरवट-निळसर डाग दिसू लागले, तर पाणी धातू खाऊ लागले आहे असे समजावे.

तिसरा प्रकार केवळ चवीचा आहे. मशीन ठणठणीत चालते, क्षार दिसत नाहीत, पण कॉफी सपक, मातकट, कोणताही आंबटपणा नसलेली लागते आणि चांगल्या भाजणीच्या बियाही सारख्याच वाटतात. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असलेल्या घरांत हे विशेषकरून आढळते. कॉफीला औषधासारखा किंवा पोहण्याच्या तलावासारखा वास येत असेल, तर तो क्लोरीनचा असतो आणि त्यावरचा उपाय सर्वांत सोपा आहे.

यापुढील तपासण्या फुकटच्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नये, कारण पहिल्या तीन तपासण्यांतच निम्म्याहून अधिक प्रकरणे उलगडतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली तपासणी: पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडून पाहणे

मशीन नेहमीप्रमाणे तापू द्यावे, पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचे दांड्याचे भांडे) न लावता ग्रुपमधून पाणी सोडावे आणि खाली मापी भांडे धरून ३० सेकंदांत किती पाणी येते ते पाहावे. व्हायब्रेशन पंपाच्या घरगुती मशीनमधून या वेळात साधारण १५० ते २०० मिलिलिटर पाणी येते. मशीननुसार यात फरक पडतो, म्हणून मशीन चांगले चालत असतानाच हा आकडा मोजून टाकीच्या झाकणावर चिकटवून ठेवलेला बरा. या तपासणीचे महत्त्व असे, की ती कॉफीचा दोष आणि मशीनचा दोष वेगळे करते. मोकळे पाणी जोरात येते पण शॉट मंद पडतो, असे असेल तर दळण, मात्रा किंवा दाबणे यांत गडबड आहे आणि पाण्याला दोष देण्याचे कारण नाही.

मोकळे पाणीही बारीक किंवा तिरके येत असेल, तर मशीन थंड झाल्यावर ग्रुपची जाळी काढावी. जाळीमागे तपकिरी, चिकट थर असेल तर तो कॉफीच्या तेलाचा असतो. त्याला डिस्केलिंगचे आम्ल काही करत नाही, त्यासाठी कॉफी मशीनची धुण्याची पावडर आणि ब्रश लागतो. पांढरी किंवा करडी, टणक कपची मिळाली तर तिच्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर आहे. बुडबुडे आले नाहीत तर तो सिलिकेचा किंवा जिप्समचा थर असू शकतो आणि मग लिंबूसत्त्वाच्या डिस्केलिंगवर फारशी आशा ठेवू नये.

दुसरी तपासणी: पाणी नेमके कुठून येते

हा प्रश्न घरातल्या माणसांपेक्षा सोसायटीच्या पंप चालवणाऱ्याला विचारावा. खरे उत्तर त्याच्याकडेच असते. पुणे महापालिकेचे खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी आणि मुंबईचे भातसा, वैतरणा, तानसा या जलाशयांचे पाणी मुळात मऊ आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून उपसलेले बोअरचे पाणी मात्र बहुधा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटने भरलेले असते, आणि टँकरचे पाणी बऱ्याचदा अशाच एखाद्या बोअरचे किंवा विहिरीचे असते. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत ही सगळी पाणी एकत्र होतात आणि त्यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. त्यामुळे दिवाळीत मोजलेला आकडा मे महिन्यात कामाचा राहत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्या खडकाच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी पुष्कळदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, तर खाडीलगतच्या विहिरींत क्लोराइडचा प्रश्न येतो. तिथल्या मशीनना क्षारांपेक्षा गंजाची भीती अधिक असते.

घरातली किटली ही पुढची साक्ष. बायकार्बोनेटचे पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. शिवाय बहुतेक क्षार तापवल्यावर अधिक विरघळतात, हा मात्र उलट वागतो. म्हणून जिथे पाणी सर्वांत जास्त तापते, म्हणजे हीटरच्या कांडीवर, तिथेच तो प्रथम चिकटतो. ज्या पाण्याने किटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा थर येतो, तेच पाणी मशीनमध्ये जात असेल तर पुढच्या तपासण्या केवळ प्रमाण ठरवण्यासाठी करायच्या आहेत.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘आमचे पाणी तपासून आणले आहे, पिण्यायोग्य आहे’ हे उत्तर खरे असते आणि तरीही निरुपयोगी असते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५००:२०१२ या मानकात पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. माणसाला ते चालते. एस्प्रेसो मशीनला मात्र त्या २०० च्याही साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या कठीणपणाचे पाणी हवे असते.

एक साधा हिशेब करून पाहावा. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ४०० आणि अल्कता (बायकार्बोनेटचे प्रमाण) ३०० आहे असे धरले, तर तापवल्यावर लिटरमागे अधिकात अधिक ३०० मिलिग्रॅम कार्बोनेट खाली बसू शकते. रोज एक लिटर पाणी वापरले जात असेल तर वर्षाला ही कमाल मर्यादा १०० ग्रॅमच्या वर जाते. कॉफीच्या बॉयलरमधून पाणी चटकन पुढे जात असल्याने तिथे याचा काही भागच साचतो. वाफेच्या बॉयलरमधून मात्र फक्त शुद्ध वाफ बाहेर पडते आणि क्षार जवळजवळ सगळे मागे राहतात. दुहेरी बॉयलरच्या मशीनमध्ये वाफेची बाजू आधी का बिघडते, त्याचे कारण हेच आहे. अशा मशीनच्या गरम पाण्याच्या नळातून आठवड्यातून दोन-तीनदा कपभर पाणी काढून टाकावे, म्हणजे आतले दाट झालेले पाणी बदलले जाते.

तिसरी तपासणी: घरातला फिल्टर काय करतो आणि काय करत नाही

फिल्टर आहे म्हणजे पाणी ‘फिल्टर झाले’, इतके मोघम उत्तर इथे चालत नाही. यूव्ही किंवा यूएफ प्रकारचा फिल्टर जंतू आणि गाळ यांचा बंदोबस्त करतो, पण विरघळलेल्या कॅल्शियमला हातही लावत नाही. कार्बनचे कार्ट्रिज क्लोरीन आणि वास काढते. क्लोरीन आणि क्लोराइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि क्लोराइड कार्बनमधून सरळ पार होते. ज्यांना फक्त क्लोरीनच्या वासाची तक्रार आहे आणि पाणी महापालिकेचे आहे, त्यांनी कार्बनचे कार्ट्रिज वेळेवर बदलावे आणि इथेच थांबावे.

सॉफ्टनर रेझिनच्या साह्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. त्यामुळे क्षाराचा थर बसणे थांबते, परंतु बायकार्बोनेट जसेच्या तसे राहते, आणि तेच बायकार्बोनेट कॉफीतील आम्लांना निष्प्रभ करून तिला सपक बनवते. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीचे मूळ बहुतेकदा इथे असते. मशीनच्या टाकीत टाकायच्या रेझिनच्या छोट्या पिशव्याही बहुधा याच तत्त्वावर चालतात. महापालिकेच्या पाण्यात त्या बऱ्या टिकतात, बोअरच्या पाण्यात मात्र वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी संपतात, कारण त्यांची क्षमता दिवसांवर नसून पकडलेल्या कॅल्शियमवर अवलंबून असते. कार्ट्रिज बसवलेले, जगच्या आकाराच्या भांड्यातले फिल्टर यांपेक्षा वेगळे वागतात: त्यांतील पुष्कळसे कॅल्शियमच्या बदल्यात हायड्रोजन सोडतात, त्यामुळे अल्कताही खाली येते. मध्यम कठीण पाण्यासाठी हा चांगला मार्ग आहे; ४०० कठीणपणाच्या पाण्याला मात्र तो पुरा पडत नाही.

आरओच्या मेम्ब्रेनमधून जवळपास सगळेच क्षार निघून जातात, सिलिकासुद्धा बरीचशी. परंतु घरगुती आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण) कंट्रोलर नावाचा एक लहान स्क्रू असतो, आणि पाण्याला चव यावी म्हणून सर्व्हिसवाला तो सैल करून मेम्ब्रेनमधून न गेलेले पाणी त्यात मिसळतो. हा स्क्रू कोणत्या स्थितीत आहे हे जाणून घेतल्याशिवाय ‘आम्ही आरओचेच पाणी घालतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. मी पाहिलेल्या काही घरांत आरओ असूनही बॉयलर क्षारांनी भरलेला होता, त्याचे कारण एवढेच होते. शेवटी बसवलेले ‘मिनरल’ किंवा ‘अल्कलाइन’ कार्ट्रिजही पाण्यात काय आणि किती सोडते हे दर महिन्याला बदलते, म्हणून मशीनसाठी पाणी त्याच्या आधीच्या जोडणीतून घेता आले तर घ्यावे.

चौथी तपासणी: टीडीएस मीटर, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवावा

काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर घरात असावा, पण त्याला जे ठाऊक नाही ते त्याला विचारू नये. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. तो आकडा कॅल्शियमचा आहे, सोडियमचा आहे की साध्या मिठाचा, हे त्याला कळत नाही. १५० टीडीएसचे एक पाणी मशीनमध्ये दगड तयार करील, तर १५० टीडीएसचे दुसरे पाणी कणभर क्षार साचू न देता आतले स्टील हळूहळू खाईल.

मग तो घ्यायचा कशाला? दोन कामांसाठी. आरओच्या आधीचे आणि नंतरचे पाणी मोजून मेम्ब्रेन काम करते की नाही हे पाहता येते: आत ६०० आणि बाहेर २५ असेल तर मेम्ब्रेन ठीक आहे, बाहेर १५० असेल तर एकतर ते थकले आहे किंवा तो स्क्रू सैल आहे. दुसरे काम म्हणजे आपण स्वतः तयार केलेल्या पाण्यात गफलत झाली नाही ना, याची खातरजमा. मीटर १५ च्या खाली दाखवत असेल आणि मशीन पाणी संपल्याची खोटी तक्रार करत असेल, तर कारण सापडले असे समजावे. पाण्याची पातळी ओळखणारी सुई पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालते आणि क्षारच नसले तर तिला पाणी जाणवत नाही. काही मशीनमध्ये टाकीतली पातळी चुंबकीय तरंगत्या तुकड्याने ओळखली जाते. तिथे हे निदान लागू पडत नाही.

पाचवी तपासणी: थेंबांची किट

मत्स्यालयाच्या दुकानांत जीएच आणि केएच मोजण्याच्या थेंबांच्या किट मिळतात. जीएच म्हणजे एकूण कठीणपणा, केएच म्हणजे बायकार्बोनेटमुळे येणारी अल्कता. नळीत पाणी घेऊन रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यामागे एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश असतो, आणि एक अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. पाण्याचा नमुना दुप्पट घेतला तर एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि मऊ पाण्याचे मोजमाप अधिक बारकाईने करता येते. कागदी पट्ट्या स्वस्त आहेत, परंतु त्यांच्यावरील रंगांच्या दोन छटांमध्ये जेवढे अंतर असते, तेवढ्यात आपला सगळा निर्णय मावतो. म्हणून मी त्या वापरत नाही.

या दोन आकड्यांशिवाय पुढे जाऊ नये. अमेरिकेतील स्पेशालिटी कॉफी संघटनेने २००९ मध्ये दिलेल्या मानकात टीडीएसचे लक्ष्य १५०, कॅल्शियम कठीणपणाचे ६८ आणि अल्कतेचे ४० मिलिग्रॅम प्रति लिटर असे आहे. घरच्या मशीनसाठी मी कठीणपणा ५० ते ८० आणि अल्कता ४० ते ५० या पट्ट्यात राहतो. अल्कता फार वाढली तर कॉफी सपक होते आणि सोबत कॅल्शियम असेल तर थर बसतो; ती फार कमी झाली तर कॉफी बोचरी होते आणि पाण्याचा सामू सहज घसरून धातूला धोका होतो. दोन्हींपैकी अल्कता अधिक महत्त्वाची आहे, आणि गंमत म्हणजे फिल्टरच्या जाहिरातींत तिचा उल्लेख सहसा नसतो.

पाणी खाडीजवळचे किंवा चवीला मचूळ असेल तर प्रयोगशाळेतून क्लोराइडही तपासून घ्यावे. पिण्यासाठी २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड स्वीकार्य आहे, पण काही मशीन उत्पादक ३० च्या वर नको म्हणतात, कारण क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक भोके पाडते.

पाणी दुरुस्त करणे

सर्वांत स्वस्त मार्ग मिसळण्याचा आहे. मूळ पाण्याचा कठीणपणा ४०० आणि अल्कता ३०० असेल आणि आरओचे पाणी जवळजवळ शून्य असेल, तर सात भाग आरओच्या पाण्यात एक भाग मूळ पाणी घातल्यावर कठीणपणा ५० आणि अल्कता ३७ च्या आसपास येते. मिसळायचे पाणी पिण्यायोग्य, म्हणजे कार्बन आणि यूव्हीमधून गेलेले असावे. टीडीएस कंट्रोलरही हेच करतो. फरक इतकाच की तिथे प्रमाण स्क्रूच्या हाती असते आणि इथे आपल्या. मात्र मूळ पाणी ऋतूप्रमाणे बदलत असेल तर दर दोन महिन्यांनी थेंबांची किट काढावी लागते, आणि ज्यांना हा उद्योग नको आहे त्यांनी पुढचा मार्ग धरावा.

त्यात आरओच्या पाण्यात मोजून क्षार घातले जातात. दोन वेगळ्या काचेच्या बाटल्यांत दाट द्रावणे करून ठेवावीत. पहिल्या बाटलीत २४.६ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे स्फटिकरूप मॅग्नेशियम सल्फेट, एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या बाटलीत १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात विरघळवावा. मग ५ लिटरच्या कॅनमध्ये पहिल्या द्रावणाचे ३० मिलिलिटर आणि दुसऱ्याचे २० मिलिलिटर घालून वर आरओचे पाणी भरावे. यातून कठीणपणा ६० आणि अल्कता ४० मिळते. मीटरवर हे पाणी साधारण ११० ते १५० च्या दरम्यान दिसावे, त्यात आरओचा मूळ आकडा मिळवावा. दोन्ही दाट द्रावणे एकाच बाटलीत कधीही ठेवू नयेत, कारण त्या दाटपणात मॅग्नेशियम कार्बोनेटचा गाळ बसतो. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, त्यांवर नाव आणि तारीख लिहावी, आणि द्रावण गढूळ दिसले तर ते सरळ ओतून द्यावे.

कच्च्या मालाबाबत काटेकोर राहणे गरजेचे आहे. एप्सम सॉल्ट औषधी किंवा खाद्य प्रतीचे घ्यावे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट पिकांसाठी असते, आणि ते कितीही स्वस्त असले तरी या कामाचे नाही. सोडा म्हणजे खाण्याचा सोडाच; धुण्याचा सोडा, पापडखार आणि बेकिंग पावडर हे त्याचे पर्याय नाहीत. आरओच्या जागी डिस्टिल्ड पाणी वापरायचे असेल तर बॅटरीत घालण्यासाठी विकले जाणारे पाणी आणू नये, कारण ते पिण्यासाठी भरलेले नसते. ‘मिनरल’ म्हणून चिमूटभर सैंधव किंवा साधे मीठ टाकण्याचा सल्ला बऱ्याच जणांना मिळालेला असतो. त्याने टीडीएस मीटरचा आकडा सुखावतो, परंतु पाण्यात केवळ सोडियम आणि तेच घातक क्लोराइड वाढते. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, कठीणपणा कमी होत नाही.

ज्यांना चवीच्या बारकाव्यांपेक्षा मशीनची काळजी अधिक आहे, त्यांच्यासाठी याहून साधी कृती आहे. ती पाव्हलिस या नावाने ओळखली जाते. क्षाररहित पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम खाद्य प्रतीचे पोटॅशियम बायकार्बोनेट एवढेच घालायचे. अल्कता ५० येते, कठीणपणा शून्य राहतो, पातळीची सुई नीट चालते आणि थर बसायला कॅल्शियमच नसते. १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवली की लिटरमागे १० मिलिलिटर पुरते. गडद भाजलेल्या बियांची आणि दुधाची कॉफी पिणाऱ्यांना दोन्ही पाण्यांतील फरक सहसा जाणवत नाही. हलक्या भाजणीची, चिकमगळूर किंवा कूर्गच्या मळ्यांतली फळांच्या चवीची कॉफी काळी पिणाऱ्यांनी मात्र मॅग्नेशियमची कृती करून पाहावी. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच मॅग्नेशियमच्या किंवा या पोटॅशियमच्या कृतीकडे वळावे.

डिस्केलिंग: पाणी बदलल्यानंतर, आधी नाही

पाणी दुरुस्त झाल्यावर आत साचलेला जुना थर काढावा. आधी मशीनची पुस्तिका वाचावी, कारण ॲल्युमिनियमच्या बॉयलरला कोणते द्रावण चालते हे उत्पादकच सांगू शकतो, आणि काही दुहेरी बॉयलरच्या मशीनचे उत्पादक घरी डिस्केलिंग करण्यास स्पष्ट मनाई करतात. मनाई नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरेसे होते. द्रावण उकळते असू नये, कारण लिंबूसत्त्व आणि कॅल्शियम यांच्यापासून बनणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि एक थर काढताना दुसरा बसवून ठेवण्याचा प्रकार होतो. द्रावण थोडे आत घ्यावे, मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, पुन्हा थोडे घ्यावे, आणि शेवटी किमान दोन टाक्या स्वच्छ पाणी ग्रुपमधून आणि वाफेच्या नळीतून सोडावे. व्हिनेगर वापरू नये. त्याचा वास रबराच्या भागांतून लवकर जात नाही. ब्लीच आणि आम्ल कोणत्याही परिस्थितीत एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो.

थर जाड असेल तर पहिल्या फेरीत धार सुधारण्याऐवजी अचानक बंद होऊ शकते, कारण सुटलेल्या कपच्या सोलेनॉइडच्या अरुंद मार्गात अडकतात. अशा वेळी जोर म्हणून पंप सलग चालवत ठेवणे हा पंप जाळण्याचा खात्रीचा उपाय आहे. एकदा मशीन बंद करून तासाभराने पुन्हा प्रयत्न करावा. तरीही पाणी आले नाही तर थांबावे.

इथे थांबावे आणि तंत्रज्ञाला बोलवावे

मशीन लावताच घरातला आरसीसीबी किंवा ईएलसीबी (विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर क्षारांच्या थराखाली तापून हीटरच्या कांडीचे आवरण फुटले असण्याची शक्यता आहे. बटण वर करून पुन्हा प्रयत्न करू नये, प्लग काढावा. मशीनच्या तळातून पाणी येत असेल, सुरक्षा वॉल्व्हमधून वाफ सुटत असेल, किंवा दाबमापकाचा काटा नेहमीच्या जागेच्या वर जाऊन तिथेच राहत असेल, तर हा घरच्या स्क्रू-ड्रायव्हरचा विषय राहिलेला नाही. बॉयलर उघडणे, सुरक्षा वॉल्व्ह बदलणे आणि दाबाखालचे सांधे सोडवणे ही कामेही, व्हिडिओ पाहून कितीही सोपी वाटली तरी, ज्याच्याकडे नवे गॅस्केट आणि दाब तपासण्याची सोय आहे त्यानेच करावीत. वॉरंटी चालू असेल तर झाकणाच्या स्क्रूलाही हात लावू नये. लिंबाच्या थेंबाने न फसफसणारा थर आणि पितळावरचे हिरवे डाग, ही दोन्ही दिसल्यासही आतून पाहणी करून घेणे बरे, कारण धातू किती गेला आहे हे बाहेरून समजत नाही.

तंत्रज्ञाला बोलावताना पाण्याचे दोन्ही आकडे, पाण्याचा स्रोत, शेवटचे डिस्केलिंग कधी आणि कशाने केले, आणि त्या ३० सेकंदांत किती पाणी येते, हे लिहून द्यावे. बॉयलर साफ करण्यासाठी तो कोणते आम्ल वापरणार आहे हे विचारून घ्यावे. हायड्रोक्लोरिक आम्ल असे उत्तर आले तर स्टेनलेसच्या आणि ॲल्युमिनियमच्या बॉयलरसाठी स्पष्ट नकार द्यावा आणि दुसरा तंत्रज्ञ शोधावा. दुरुस्तीनंतर मशीन तपासण्यासाठी तो स्वयंपाकघरातल्या नळाचेच पाणी टाकीत भरील, म्हणून तयार केलेल्या पाण्याचा कॅन त्याच्या हाताशी आधीच ठेवावा.